मीरासाहेब वस्तादांचा तळवा

भोसरीहून दिघीकडे वळणाऱ्या फाट्यावर मीरासाहेबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, चार बांबू, वर पत्रा आणि पुढ्यात पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं. पण त्या पत्र्याखाली बसलेल्या माणसाला आसपासच्या गावांत कोणी सायकलवाला म्हणत नसे. सगळे वस्ताद म्हणत. तालमीत कुस्ती शिकवतो तो वस्ताद, हे खरं, आणि मीरासाहेबांनी जन्मात कधी लंगोट कसला नव्हता. ते फुटबॉल शिकवत. पण खेळ शिकवणाऱ्या माणसाला या भागात दुसरं नाव नव्हतं, आणि मीरासाहेबांनाही ते नाव मनापासून आवडलं होतं.

इंग्रजांच्या अमदानीत ते खडकीच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होते आणि वर्कशॉपच्या टीममध्ये बॅक खेळायचे. बॅक म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा राहून आलेला हल्ला परतवणारा गडी. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात, बॅकला घरी चालत जावं लागतं. मीरासाहेब मात्र याला अपवाद होते. गोऱ्या पलटणींच्या टीम पायात जाडजूड बूट चढवून यायच्या, आणि हा सडपातळ उंच माणूस घोट्याला कापडाची पट्टी गुंडाळून अनवाणी उभा राहायचा. त्याचा तळवा बघायला खडकी-दापोडीची माणसं कामावरून थेट मैदानावर येत.

तळवा हा त्यांचा डाव. समोरचा चेंडू मारायला पाय मागे नेतो, नेमक्या त्या घटकेला आपला पाय पुढे टाकायचा आणि उघडा तळवा चेंडूवर असा दाबून धरायचा, की मारणाऱ्याची लाथ मेलेल्या चेंडूवर बसावी. गोरा तोंडावर आपटायचा आणि मीरासाहेब चेंडू घेऊन शांतपणे बाजूला व्हायचे. जरा आधी पाय पडला तर चेंडू निसटतो, जरा उशिरा पडला तर बोटं मोडतात. मीरासाहेबांच्या उजव्या पायाच्या दोन बोटांना नखं नव्हती, अंगठा कायमचा वाकडा झाला होता. ते सांगायचे, "तळव्याला चेंडू कळतो. बुटातला पाय आंधळा."

लढाईच्या दिवसांत गुडघा कामातून गेला. त्याबरोबर खेळ गेला, आणि पुढे कसल्याशा कुरबुरीत नोकरीही गेली. गावी येऊन त्यांनी दुकान टाकलं. संध्याकाळी दिघीच्या टेकडीखालच्या माळावर पोरं चिंध्यांचा चेंडू तुडवायची, ते पाहून त्यांना राहवेना. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. एके दिवशी फाटका चामडी चेंडू घेऊन, त्याच्या ब्लॅडरला सायकलचं ठिगळ लावून, ते माळावर जाऊन उभे राहिले. त्यानंतर पावसाळा सोडला तर एक संध्याकाळ चुकली नाही.

त्यांच्या शिकवण्यात लाड नव्हता. पोरगं पळताना मागे राहिलं तर म्हणायचे, "आईला सांग, भाकरी कमी घाल." पण एका गोष्टीवर ते खरे चिडायचे. आपल्यावर गोल झाल्यावर एखाद्या पोरानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, की ते त्याला बाहेर काढून आठवडाभर दुकानात सायकलींना हवा भरायला बसवत. "पुढच्यानं चूक केली तर ती आपली म्हणायची," असं ते सांगत. "सगळ्यांच्या चुका पोटात घालायला तर मागं बॅक उभा करत्यात. बॅकनं बोट दाखवायचं न्हाई."

हे ज्यानं सगळ्यांत मन लावून ऐकलं तो ज्योतीराम. दिघीच्या खाणीवर खडी फोडायचा. बाप लहानपणीच गेला होता. आई अंबूबाई साताऱ्याकडून पोराला घेऊन पोट भरायला इकडे आली आणि मिळेल त्या बांधकामावर घमेली वाहू लागली. पोरगा अंगानं भक्कम आणि बोलायला अगदी कमी. इतरांना तळवा जमेपर्यंत वर्ष जायचं. ज्योतीरामला एका हिवाळ्यात जमला. त्याचा पाय चेंडूवर पडायचा तेव्हा मीरासाहेबांच्या अंगावर काटा यायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. ज्योतीरामबद्दल त्यांना काय वाटायचं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांची बायको रहमतबी ईदचा शिरखुर्मा झाल्यावर पहिला वाटा दिघीला पाठवायची, तेव्हा ते डबा स्वतः सायकलला अडकवायचे.

त्या सुमाराला चिंचवडकडच्या माळावर यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक नवा कारखाना उभा राहिला होता. त्याच्या भिंतींना अंबूबाईनं दोन उन्हाळे घमेली वाहिली. भिंती पुऱ्या झाल्या, फाटक बसलं, आणि ज्या आवारात ती डोक्यावर चुंबळ ठेवून दिवसभर फिरायची तिथं पहारेकरी तिला आत सोडेनासा झाला. ती हसून सांगायची, "माझं लेकरू जाईल या फाटकातनं. मी बाहेर हुबी राहून बघीन."

आणि तसा योग आला, किंवा आल्यासारखा वाटला. पंचावन्न सालच्या भाद्रपदात कारखान्याचे लेबर ऑफिसर रंगराव मोटार घेऊन माळावर आले. खेळाचा शौकीन माणूस. पोरांचा खेळ पाहून झाल्यावर ते म्हणाले, "वस्ताद, मला कंपनीची टीम काढायचीय. दसऱ्यानंतरच्या रविवारी खडकीच्या मैदानावर लष्कराच्या टीमबरोबर मॅच ठेवतो. जी पोरं चांगली खेळतील त्यांना कामावर घेतो. तुमचा तो बॅक तर मला आत्ताच पसंत आहे, पण वरच्या साहेबांनी एकदा बघायला हवा. आणि टीम चांगली निघाली, तर तिला शिकवायला तुम्हीच."

मीरासाहेबांनी हात जोडले. रंगराव मोटारीत बसता बसता म्हणाले, "बूट मात्र सक्तीचे. अनवाणी आता कुणाला मैदानात घेत नाहीत, ठाऊक असेलच."

ठाऊक होतं. मोठ्या शहरांत दोन वर्षांपूर्वीच तसा नियम आल्याचं मीरासाहेबांच्या कानावर होतं, आणि आपल्या माळापर्यंत तो कशाला येतोय, असं म्हणून त्यांनी ते कानाआड केलं होतं.

रंगरावांनी पोरांच्या पायांची मापं कागदावर उतरवून नेली आणि काही दिवसांत गोणपाटात बांधून मोज्यांसकट कोरे बूट पाठवले. तपकिरी, लाकडासारखे कडक, आणि तळाशी चामड्याचे गोल ठोकळे खिळ्यांनी मारलेले. पोरं वेडी झाली. कोणी वास घेतोय, कोणी गालाला लावतोय. पायात वहाणसुद्धा धड नसलेली ही पोरं. त्यांना बुटाचं अप्रूप वाटणारच.

"घालून पळू का वस्ताद?" ज्योतीरामनं विचारलं.

"ठेव," मीरासाहेब म्हणाले. "या मुरुमावर ठोकळे झिजून जातील. कंपनीची चीज हाय."

पोरांना ते पटलं. नवं धोतर सणाला नेसायचं, नवी चादर पाहुण्याला अंथरायची, अशाच घरांतली ती होती. नवी वस्तू वापरून जुनी करायची, ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात आली नाही. बूट दुकानातल्या पेटीत गेले आणि पोरं अनवाणीच खेळत राहिली.

पण मीरासाहेबांचं कारण निराळं होतं. बूट आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, उजाडायच्या आत, त्यांनी एक जोड धडुत्यात गुंडाळला आणि गावाबाहेरच्या, दिघीच्या वाटेवरच्या तळ्याकाठी नेला. बूट चढवले, चेंडू टाकला, आणि तळवा टाकून पाहिला. पायाला काहीच कळेना. चेंडू कुठे आहे, जमीन कुठे आहे, काही उमजेना. ठोकळा चेंडूवरून घसरला आणि इंग्रजांना लोळवणारे मीरासाहेब चिखलात उताणे पडले. पुन्हा उठले, पुन्हा पडले. मग बूट काढून तिथंच बसून राहिले. आपण पोरांना जे शिकवायचं तेच आपल्याला येत नाही, हे त्यांना त्या सकाळी कळलं, आणि ते कोणाला सांगायचं नाही, हेही त्यांनी तिथंच ठरवलं. माणूस एरवी खोटा नव्हता. पण वस्ताद म्हणवून घ्यायची सवय लागली की ती सुटणं कठीण.

घरी आल्यावर चिखलानं भरलेला सदरा रहमतबीनं पाहिला. तिला सांगावं लागलं.

"मग पोरांस्नी सांगा की," ती म्हणाली. "ज्याला येतंय त्याला बोलवा. दिघीचे सयाजी हवालदार हायतच की. पलटणीत बूट घालूनच खेळलेत ते."

"त्या सयाजीला? त्याच्या टीमला आमी अनवाणी लोळवलंय."

"तवा लोळवलं. आता कोण लोळतंय त्ये बघा."

रहमतबी फार बोलत नसे, पण बोलली की असं बोलायची. मीरासाहेब न जेवता दुकानात निघून गेले.

सयाजी हवालदार स्वतःहून दुकानावर आले. पेन्शनीत आलेला सरळ माणूस. मनात काही नव्हतं. म्हणाले, "मीरासाहेब, बूट आधी भिजवून, तेल चोपडून नरम करावे लागतात. चालून पायात बसवावे लागतात. आणि तुमचा तळवा बुटात चालायचा नाही, पाय अडकतो. पोरं माझ्याकडे द्या आठ दिवस. तुम्हीपण या."

मीरासाहेब चाकाच्या तारा आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "हवालदार, कवायत शिकवायची असंल तर सांगतो."

दुकानात बसलेली दोन माणसं हसली. सयाजी निघून गेले.

दसरा जवळ आला तशी पोरं पुन्हा मागे लागली. एकदा तरी घालू द्या, म्हणू लागली. तेव्हा खंडेनवमी मदतीला आली. त्या दिवशी फाट्यावरचे सगळे कारागीर हत्यारांची पूजा करत, आणि मीरासाहेबांच्या दुकानातही पाने, हातोड्या, हवेचा पंप मांडून पोरं झेंडूची फुलं वाहत. त्यात हिंदू-मुसलमान असा भेद कधी कोणी मानला नव्हता. त्या वर्षी पोरांनी हत्यारांच्या ओळीत बूटही मांडले. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आणि मीरासाहेब म्हणाले, "पूजेला बसलेलं हत्यार मधी उचलायचं न्हाई. आता थेट मैदानातच हात लावायचा."

खंडेनवमीला ठेवलेलं हत्यार दसऱ्याला उचलतात, हे पोरांनाही ठाऊक होतं. पण वस्तादच सांगतायत म्हटल्यावर कोण बोलणार? ज्योतीरामनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

रविवारी खडकीच्या मैदानावर पोरांनी बुटांवरचं हळदकुंकू पुसलं आणि जन्मात पहिल्यांदा ते पायात घातले. अंबूबाई कामावर खाडा करून आली होती. तिथं बाई अशी ती एकटीच, पदर तोंडाला लावून कडेला उभी होती. लेकराच्या पायातले बूट पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सुरुवातीलाच काय ते दिसलं. पोरं पळत नव्हती, पाय उचलून टाकत होती. माळावर हरणासारखा पळणारा फॉरवर्ड सारखा आपल्याच पायात अडखळून पडत होता. हाफ टाइमला बूट काढले तर टाचांची सालटं निघालेली, मोजे रक्तानं चिकटलेले. रंगराव लांबून पाहत होते, त्यांच्या शेजारी वरचे साहेब घड्याळ बघत होते. एका पोरानं रडवेल्या आवाजात विचारलं, "काढून खेळू का वस्ताद?" मीरासाहेबांना हो म्हणावंसं वाटलं. पण अनवाणी गडी मैदानात दिसला की पंच त्याला बाहेर काढणार, आणि नोकरीचं सगळं तिथंच संपणार. त्यांनी आपल्याच रुमालाच्या चिंध्या करून पोरांच्या टाचांना बांधल्या.

एकटा ज्योतीराम टिकून होता. पायाचं काही चालत नाही म्हटल्यावर तो अंगानं अडवत होता, डोक्यानं चेंडू परतवत होता. दोनदा तर गोल होता होता त्यानं वाचवला. वरच्या साहेबांनी घड्याळ बघणं सोडलं. रंगराव मीरासाहेबांजवळ येऊन म्हणाले, "तुमचा बॅक पक्का समजा." मीरासाहेबांनी कडेला उभ्या असलेल्या अंबूबाईकडे पाहून मान हलवली. ती काय समजायची ते समजली.

त्यानंतर थोड्याच वेळात लष्कराचा सेंटर फॉरवर्ड सगळ्यांना मागे टाकून एकटाच चेंडू घेऊन आला. पुढे फक्त ज्योतीराम. फॉरवर्डनं मारायला पाय मागे नेला. आणि ज्योतीरामनं, इतके हिवाळे जे घोटलं होतं ते, काही विचार न करता केलं. त्यानं तळवा टाकला.

ठोकळा चेंडूवरून घसरला. बूट पलीकडे मुरुमात रुतून बसला आणि त्या अडकलेल्या पायावर समोरच्या गड्याची लाथ आणि मागोमाग सगळं अंग आलं. हाड मोडल्याचा आवाज कडेच्या माणसांपर्यंत ऐकू आला. पाठोपाठ अंबूबाईची किंकाळी उठली.

मीरासाहेब धावत गेले. पायाकडे पाहवत नव्हतं. बुटाची नाडी त्यांना सोडवता येईना. गर्दीतून सयाजी हवालदार पुढे आले, त्यांनी चाकूनं नाडी कापली, आणि राग न आवरून मोठ्यानं म्हणाले, "बुटात असा पाय टाकायला पोराला शिकवलं कुणी?"

टांग्यातून ज्योतीरामला दवाखान्यात नेलं. पाय बांधेपर्यंत संध्याकाळ झाली. रंगराव तिथं आले. हवालदारांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, आणि ते मनात ठेवणारे नव्हते. खाटेजवळ उभे राहून त्यांनी सरळ विचारलं, "वस्ताद, हवालदार म्हणतात ते खरं का? हे तुम्ही शिकवलंत?"

मीरासाहेबांनी तोंड उघडलं. त्यांना सांगायचंच होतं, निदान पुढे आयुष्यभर ते स्वतःला तसं बजावत राहिले. पण त्यांच्या आधी खाटेवरून आवाज आला.

"न्हाई साहेब." ज्योतीरामचे ओठ पांढरे पडले होते. "वस्तादांनी बजावलं व्हतं. बुटात तळवा टाकू नगंस म्हणून लई येळा सांगितलं. मीच ऐकलं न्हाई."

रंगरावांनी सुस्कारा सोडला. "तरुण पोरं," असं म्हणून त्यांनी मीरासाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. पायथ्याशी बसलेली अंबूबाई लेकाकडे बघतच राहिली.

आणि मीरासाहेब गप्प राहिले. त्या क्षणी त्यांना हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. क्षणभरच, पण वाटलं. पुढे त्यांना सगळ्यांत जास्त लाज वाटली ती त्याचीच.

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी काही कसूर ठेवली नाही, तरी पाय आखूड झाला आणि बाहेरच्या अंगाला वळला. कारखान्यात उभ्यानं करायचं काम. तिथं असा माणूस कोण घेणार? खाणीवरचं कामही सुटलं. टीममधल्या दोन पोरांना मात्र रंगरावांनी पुढे कामावर घेतलं, आणि संक्रांत झाल्यावर मीरासाहेबांना बोलावणं आलं. कंपनीच्या टीमला शिकवायचं, दिवसा गेटवर सायकल स्टँड सांभाळायचा. रहमतबीनं विचारलं, "जाणार?" मीरासाहेब म्हणाले, "न जाऊन त्याचा पाय सरळ होणार हाय का?" ती चुलीकडे वळली.

ते गेले. आणि जे आधी करायला हवं होतं ते आता केलं. सयाजी हवालदारांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मला बूट शिकवा." हवालदारांनी जुनं काही काढलं नाही. मीरासाहेब त्या वयात बूट घालून चालायला शिकले, गुडघा साथ देईल तेवढं पळायला शिकले. कंपनीच्या पोरांचे बूट त्यांनी स्वतः तेल लावून नरम केले आणि पहिल्या दिवसापासून पायात घालायला लावले. तळव्याचं नाव पुन्हा काढलं नाही. टीम चांगली निघाली. रंगराव पाहुण्यांना सांगायचे, "आमचे वस्ताद फार जपून शिकवतात."

दिघीला मात्र त्यांची पावलं वळत नव्हती. होळीच्या सुमारास एकदाचे गेले. अंबूबाईनं घोंगडी अंथरली, गुळाचा चहा ठेवला. ज्योतीराम घरात नव्हता. बोलायची सुरुवात कशी करावी हे मीरासाहेब मनात जुळवत होते, तोच ती बशी पुढे सरकवून खाली बसली आणि तिनं हात जोडले.

"वस्ताद, तुमी त्याला बजावलं व्हतं. लेकरानं ऐकलं न्हाई. तुमची मान खाली घालवली त्यानं, समद्या लोकांत. लई बोलते मी त्याला, रोज बोलते. तुमी त्याची चूक पोटात घाला."

चहा तसाच राहिला. मीरासाहेब उठले आणि चालू लागले. डोळ्यांपुढे रस्ता दिसत नव्हता. पण कुठे जायचं ते पक्कं होतं. सरळ चिंचवडला, रंगरावांकडे. सांगायचं, साहेब, पोरगं खोटं बोललं. मीच शिकवलं, मला बुटातलं काही येत नव्हतं, आणि ते कळू नये म्हणून मी पोरांना बूट घालू दिले नाहीत. मग परत येऊन हेच अंबूबाईला सांगायचं.

भोसरीच्या वाटेवर पुढे ज्योतीराम चालला होता. काखेत काठी, एक पाय ओढत. मागे वळून वस्तादांचा चेहरा पाहताच तो थांबला.

"कुठं निघाला?"

"साहेबाकडं. खरं काय त्ये सांगायला."

ज्योतीरामनं काठी आडवी धरली. त्याला ती धरून नीट उभं राहता येईना, तरी धरली.

"तुमी तळ्यावर पडला व्हता, त्ये मी बघितलं व्हतं," तो म्हणाला. "खाणीवर निघालो व्हतो सकाळचा. दोनदा पडला. तवाच कळलं मला."

मीरासाहेबांनी विचारलं, "मग बोलला का न्हाईस?"

"बॅकनं बोट दाखवायचं न्हाई. तुमीच सांगितलंय." तो हे टोमणा म्हणून बोलला नव्हता. टोमणा असता तर मीरासाहेबांनी सोसला असता.

"पर तुजी आई तुला रोज बोलती रं. मी तिला तरी सांगतो."

"ती उद्या साहेबाच्या फाटकात जाऊन बसंल. तुमची नोकरी जाईल. त्या दोघा पोरांचंबी काय हुईल कुणाला ठावं." त्याचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "वस्ताद, तुमचीबी नोकरी गेली, तर मग माझा पाय कशापायी मोडला?"

 मीरासाहेबांनी त्याच्या हातातली आडवी काठी सरळ करून पुन्हा त्याच्या काखेत दिली. चाकणकडे जाणारी कांद्याची रिकामी गाडी मागून आली, गाडीवानानं ओळखून ज्योतीरामला हाक मारली. ज्योतीराम तिकडेच निघाला होता; मामानं त्याला चाकणच्या कांदा बाजारात काम लावून दिलं होतं, बसल्या जागी दाभणानं पोत्यांची तोंडं शिवायचं. मीरासाहेबांनी त्याला आधार देऊन गाडीत चढवलं. गाडी लांब गेली तसे ते वळले आणि घराकडे आले. चिंचवडला त्या दिवशी गेले नाहीत, आणि नंतरही कधी गेले नाहीत, म्हणजे त्या कामासाठी.

दुकान आता सुट्टीच्याच दिवशी उघडायचं, तरी त्या वर्षीच्या खंडेनवमीला त्यांनी तिथली हत्यारं मांडली, पण बूट मांडू दिले नाहीत. कंपनीच्या पोरांनी कारण विचारलं. "वापरायची चीज हाय, वापरा," एवढंच म्हणाले.

दसऱ्याच्या संध्याकाळी अंबूबाई दुकानावर आली. पिठलं-भाकरीच्या फडक्यात आपट्याची पानं बांधून दिघीहून चालत आली होती. एका वर्षात ती फार थकली होती. गुरूला सोनं आधी द्यायचं असतं म्हणून लेकानं चाकणहून निरोप धाडला होता, असं ती म्हणाली. मीरासाहेबांनी दोन्ही हात पुढे केले. तिनं पानं त्यांच्या ओंजळीत ठेवली, वाकून त्यांच्या बुटांना हात लावला आणि तो कपाळाला नेला.

"यंदाची पोरं तरी तुमचं ऐकत्यात न्हवं, वस्ताद?"

"ऐकत्यात," मीरासाहेब म्हणाले.